नाव आपलंच, पण कुठपर्यंत?

जुलै २०२४ चा शेवटचा रविवार. मी कांदा-लसूण मसाल्याचं खोबरं भाजत होते आणि इथल्या, म्हणजे जर्मनीतल्या, कार्ल्सरूहच्या एका नेहमीच्या गिऱ्हाईकाचा मेसेज आला, "ताई, हॉलंडमध्ये पण सुरू केलंत? सांगितलं नाहीत! अभिनंदन!!" खाली फोटो. मसाल्याची पाकिटं, लाल अक्षरं आणि त्यावर माझं नाव. माझं म्हणजे माझ्या धंद्याचं. मी फोटो मोठा करून बघतेय, लहान करून बघतेय, तोवर खोबरं काळं झालं, स्मोक अलार्म बोंबलायला लागला आणि खालच्या मजल्यावरच्या बाई वर येऊन विचारून गेल्या, सगळं ठीक आहे ना.

नाव इथे लिहीत नाही, कारण शेवटी जो करार झाला त्यात एकमेकांबद्दल जाहीर बोलायचं नाही असं लिहिलंय. एवढंच सांगते की साताऱ्याच्या घरी आम्ही चार नातवंडं आजीला जी हाक मारायचो तोच शब्द आहे, कुठल्याही शब्दकोशात सापडणार नाही, आणि तो सापडत नाही हेच पुढे कामाला आलं. अर्थात समोरच्यांनी, म्हणजे त्या हॉलंडवाल्यांनी, त्यांच्या पत्रात लिहिलं होतं की हे मालकाच्या मुलीचं लाडाचं नाव आहे. असेलही बाबा. मला अजून पटत नाही, पण सिद्ध करता येत नाही ते इथे लिहून काय करू.

तर थोडं मागचं. आम्ही श्टुटगार्टच्या जवळ राहतो, नवरा गाड्यांच्या कंपनीत, म्हणजे इथल्या निम्म्या मराठी लोकांसारखंच. २०१८ ला मंडळातल्या लोकांना दिवाळीचा फराळ करून दिला, चकली शंकरपाळी चिवडा लाडू, मग लोक मसाले मागायला लागले, मग २०१९ ला रीतसर राटहाउसमध्ये, म्हणजे नगरपालिकेत, जाऊन धंद्याची नोंद केली. महिन्यातून दोन शनिवार आमच्या गावच्या बाजारात स्टॉल, बाकी पार्सलं. शंकरपाळी जर्मन लोक कॉफीबरोबर खातात, मेतकुटाला अजून कोणी हात लावत नाही. माझ्या डोक्यात पक्कं होतं की नाव माझं आहे, कारण गेवेर्बेशाइन म्हणजे धंद्याच्या नोंदीचा कागद आहे, डोमेन आहे, फिनान्झआम्टचा म्हणजे टॅक्स ऑफिसचा नंबर आहे, पॅकिंगच्या कचऱ्यासाठीसुद्धा तो लुसिड नंबर आहे, जर्मनीत अजून काय रजिस्टर करायचं राहतं? तर नेमकं जे करायचं तेच राहिलं होतं. यातल्या एकाही कागदाने नावावर हक्क मिळत नाही. राटहाउसच्या खिडकीवर कोणी विचारत नाही की हे नाव आधी कोणाचं आहे का, पैसे घेतात आणि शिक्का मारतात.

रात्री युरोपियन युनियनच्या ट्रेडमार्क ऑफिसचा डेटाबेस उघडला, हे ऑफिस स्पेनमध्ये अलिकांतेला आहे, सर्च फुकट आहे, नाव टाकलं की सगळं दिसतं. दिसलं. अर्ज एप्रिल २०२४ च्या अखेरचा, क्लास २९, ३० आणि ४३, म्हणजे चिवडा-फरसाण टाइप गोष्टी, मसाले-पिठं आणि रेस्टॉरंट. जूनच्या सुरुवातीला अर्ज प्रसिद्ध झालेला. प्रसिद्ध झाल्यापासून तीन महिन्यांत ऑपोझिशन म्हणजे हरकत घ्यायची, नाही घेतली तर ते रजिस्टर होतं. म्हणजे माझ्याकडे साधारण पाच आठवडे, त्यात ऑगस्ट, आणि ऑगस्टमध्ये अर्धा जर्मनी सुट्टीवर.

पुण्याला दादाला फोन केला, तो सीए आहे, त्याला सगळं माहीत असतं. "अगं घाबरतेस काय, पासिंग ऑफची केस टाक. रजिस्टर नसलं तरी चालतं, आपल्या १९९९ च्या कायद्यात कलम २७ आहे ना." दादाचं भारतापुरतं बरोबर होतं. इंग्लंडमध्येही तेच चालतं, तिथे १९९० ची ती प्लॅस्टिकच्या लिंबाची केस प्रसिद्ध आहे, लिंबाच्या आकाराच्या बाटलीत लिंबाचा रस विकणारे कोर्टात गेले आणि जिंकले. पासिंग ऑफ म्हणजे दुसऱ्याच्या नावाआडून आपला माल खपवणं, त्यासाठी तुमचं नाव बाजारात चाललेलं हवं, समोरच्याने लोकांची फसगत होईल असं काही केलेलं हवं, आणि त्यात तुमचं नुकसान. पण मी ना भारतात ना इंग्लंडमध्ये.

वकीलबाई एका ओळखीच्या ओळखीतून मिळाल्या. साठीच्या, भयंकर शिस्तीच्या, पहिल्या भेटीत मी शंकरपाळीचा डबा नेला तर म्हणाल्या बिल द्या, मी लाच घेत नाही. (बिल दिलं. आणि त्या बिलावरूनच पुढचा सगळा प्रॉब्लेम सुरू झाला, सांगते.) त्यांनी पहिलं वाक्य सांगितलं ते असं की युरोपियन युनियनचा ट्रेडमार्क फक्त नोंदणीनेच मिळतो, वापरून वापरून मिळत नाही. त्यामुळे "युरोपात माझं नाव चालतं" असलं काही कायद्याला कळत नाही. न नोंदवलेल्या नावाला जे काही संरक्षण आहे ते प्रत्येक देशाच्या स्वतःच्या कायद्यात, आणि प्रत्येक देशाची तऱ्हा वेगळी. जर्मनीत मिळतं, इटलीत आधीपासून वापरत असाल तर काही प्रमाणात मिळतं, आयर्लंडमध्ये इंग्लंडसारखं पासिंग ऑफ, आणि हॉलंड-बेल्जियम-लक्झेंबर्गमध्ये मालावरच्या न नोंदवलेल्या नावाला जवळजवळ काहीच नाही, ते नाव तिथे सगळ्यांना माहीत असण्याइतकं प्रसिद्ध असेल तरच.

मात्र देशातला तो हक्क घेऊन अलिकांतेला भांडता येतं. त्याचं दार म्हणजे युनियनच्या ट्रेडमार्क कायद्यातलं, रेग्युलेशन २०१७/१००१ मधलं, कलम ८(४). हे कलम मी इतक्या वेळा वाचलंय की आता आरतीसारखं पाठ आहे. नाव धंद्यात वापरात हवं, समोरच्याच्या अर्जाच्या तारखेच्या आधीपासून तुमचा हक्क हवा, तुमच्या देशाचा कायदा तुम्हाला दुसऱ्याला अडवायचा अधिकार देत असला पाहिजे, आणि नावाचं महत्त्व "निव्वळ स्थानिक" असून चालणार नाही. बाईंनी शेवटच्या दोन शब्दांखाली पेनाने दोन रेघा मारल्या.

मग त्यांनी जर्मनीचा नकाशा काढला, श्टुटगार्टवर कॉफीचा कप उपडा ठेवला आणि त्याच्या कडेने गोल काढला. म्हणाल्या, आत्ता या क्षणी तुमचं नाव एवढंच आहे. बाजारातला स्टॉल, मंडळाची दिवाळी, आसपासची चार गावं. जर्मन कायद्यात हॉटेलं, सलून, दुकानं यांच्या नावाला नुसतं वापरायला लागल्यापासून संरक्षण मिळतं, पण धंदा गावापुरता असेल तर संरक्षणही तेवढ्याच टापूपुरतं. या कपाच्या गोलात तुम्हाला कोणी हात लावू शकत नाही, समोरच्याचं युरोपभर रजिस्टर झालं तरी, कारण स्थानिक जुन्या हक्कांसाठी रेग्युलेशनमध्ये वेगळं कलम १३८ आहे. फक्त माहीत असून पाच वर्षं गप्प बसलात तर त्यांना अडवायचा हक्क जातो. पण म्युनिकला, हांबुर्गला, कार्ल्सरूहला? मी म्हटलं पण कार्ल्सरूहला तर पार्सल जातं! त्या म्हणाल्या, हां, मग दाखवा.

दाखवायचं काय, तर जर्मन कायद्यात दोन रस्ते. एक, मालावरचं नाव इतकं चालू झालंय की संबंधित ग्राहकवर्गातले बरेच जण ते ओळखतात, याला इथे फेअरकेअर्सगेल्टुंग म्हणतात, माझी जीभ अजून अडखळते. मी उत्साहाने म्हटलं श्टुटगार्टचे सगळे मराठी ओळखतात! तर बाईंनी विचारलं की मसाले फक्त मराठी लोक विकत घेतात का. म्हणजे ग्राहकवर्ग म्हणजे मसाले घेणारं सगळं पब्लिक, त्यात जर्मन आले, तुर्की आले, आणि त्यातल्या साधारण वीस-पंचवीस टक्क्यांच्या पुढे लोकांना माझं नाव माहीत असायला हवं, फिक्स आकडा कायद्यात नाही पण या खाली कोणी बघत नाही. त्याला सर्व्हे लागतो आणि सर्व्हेला हजारो युरो. तो रस्ता तिथेच बंद. दुसरा, धंद्याचं नाव, उंटरनेमेन्सकेनत्साइशन, कलम ५. याला टक्केवारी लागत नाही, शब्द वेगळा उठून दिसणारा असला की वापर सुरू केल्या दिवसापासून हक्क. आजीची हाक इथे उपयोगी पडली, कारण "चविष्ट" किंवा "मसालेवाले" असलं काही ठेवलं असतं तर वर्णन आहे म्हणून उडालं असतं.

पण मेख अशी की चकलीचं नाव वेगळं आणि चकली करणारीचं नाव वेगळं. पाकिटावरच्या स्टिकरवर नाव आहे म्हणजे ते मालाचं नाव झालं, धंद्याचं नाही. धंद्याचं म्हणून ते स्टॉलच्या पाटीवर, पत्रावर, वेबसाइटच्या इंप्रेसुममध्ये (मालकाच्या माहितीचं पान), बिलावर दिसायला हवं. आणि माझी बिलं! इथे एकट्याच्या धंद्याला बिलावर स्वतःचं पूर्ण नाव टाकावं लागतं म्हणून मी २०१९ ते २०२१ इमानदारीत फक्त माझं लग्नानंतरचं नाव-आडनाव टाकत होते. चारशेच्या वर बिलं, एकावरही आजी नाही. शंकरपाळीच्या त्या डब्याचं बिलही मी जुन्याच पद्धतीने लिहून दिलेलं, त्यावर सुद्धा नाही. बाईंनी ते बिल माझ्यासमोर टेबलावर ठेवलं आणि काही बोलल्या नाहीत, तेच जास्त लागलं. २०२२ च्या सुरुवातीला भाचीने हौसेने बिलाचा नवीन टेम्प्लेट करून दिला होता वर लोगो टाकून, त्या पोरीचे उपकार, तिथून पुढची बिलं बरी निघाली.

मग तीन आठवडे मी फक्त कागद उपसत होते. बाजारात जागा मिळाल्याची नगरपालिकेची पत्रं मिळाली. पार्सलच्या काउंटरवरच्या पावत्या मी चकलीच्या रिकाम्या डब्यात साठवल्या होत्या, मोठ्या अभिमानाने डबा उघडला तर २०१८-१९ च्या सगळ्या पावत्या कोऱ्या! थर्मल पेपर, शाई उडून गेलेली, उजेडाकडे तिरक्या धरल्या तर कुठेतरी पिनकोडचे दोन आकडे. रडू आलं अक्षरशः. नवऱ्याने मग बसून जुन्या ईमेलमधली ऑनलाइन लेबलं शोधली, ती पीडीएफ असल्यामुळे जिवंत होती. रोज रात्री तो पिनकोड वाचायचा आणि मी त्या कपाच्या गोलाच्या नकाशावर टिंब काढायचे. हाइडलबर्ग, म्युनिक, एरलांगेन, फ्रांकफुर्ट, बर्लिन, ड्रेस्डेनला एक जण दर दोन महिन्यांनी मेतकूट मागवणारा, देव त्याचं भलं करो. गोलाच्या बाहेर टिंबं दिसायला लागली तसं मला जरा बरं वाटायला लागलं.

फोटोंचं अजून वेगळंच. स्टॉलचे दीडशे फोटो, पण फोटोवर तारीख नाही की गाव नाही. सगळ्यात भारी पुरावा निघाला तो गावच्या नगरपालिकेचं जे साप्ताहिक पत्रक येतं त्यातला, २०२१ च्या एका अंकात बाजाराचा फोटो होता, पुढे कोबी विकणारे आजोबा आणि मागे माझी पाटी, स्पष्ट, आणि पानाच्या वर छापील तारीख. मी त्यात डोळे मिटलेली आहे पण चालतंय.

भाषेचा घोळ सांगायचा राहिला. अलिकांतेच्या ऑफिसच्या पाच भाषा, स्पॅनिश, जर्मन, इंग्लिश, फ्रेंच, इटालियन. समोरच्यांनी अर्ज डचमध्ये केला होता आणि दुसरी भाषा इंग्लिश दिली होती, म्हणून आमचं भांडण इंग्लिशमध्ये. जर्मन कायद्याची कलमं सुद्धा भाषांतर करून आपणच द्यायची, ऑफिसने जर्मन कायदा माहीत करून घेऊन आपल्या बाजूने बोलावं अशी आशा धरायची नाही. आणि व्हॉट्सअॅपच्या ऑर्डरी मराठीत. मी रात्री बसून "ताई यंदा चकली जरा जाड झालीये पण मसाला एक नंबर, पुढच्या वेळी अर्धा किलो जास्त" हे इंग्लिशमध्ये केलं. मेतकूट म्हणजे काय यावर तर अख्खी तळटीप लिहिली.

मधल्या काळात बाईंनी दोन-तीन केसेस सांगितल्या त्यातली बासमतीची ऐकून मी ताठ बसले. जून २०१७ मध्ये एकाने अलिकांतेला बासमती शब्द असलेला एक लोगो नोंदवायला टाकला, इंग्लंडमधल्या एका बासमती विकणाऱ्या कंपनीने हरकत घेतली, आधार काय तर इंग्लंडमधला न नोंदवलेला हक्क, पासिंग ऑफ. ऑफिसने २०१९ ला आणि अपिलात २०२० ला नाही म्हटलं. मग इंग्लंड बाहेर पडलं, ऑफिस म्हणायला लागलं आता हा हक्कच शिल्लक नाही. पण युरोपियन युनियनच्या कोर्टाने २०२१ मध्ये ते फिरवलं, आणि ऑफिसने वर अपील केलं ते जून २०२४ मध्ये, म्हणजे आमच्या भेटीच्या दोनच महिने आधी, फेटाळलं. हक्क होता की नाही हे अर्ज टाकला त्या तारखेला बघायचं, नंतर काय झालं ते नाही. मी म्हटलं वा! बाई म्हणाल्या, वा नाही, हीच तलवार तुमच्याकडे पण फिरते. कारण माझी सगळ्यात मोठी दिवाळी त्याच वर्षी झाली, २०२४ ला, मंडळातल्या सगळ्यांना हे प्रकरण कळलं होतं आणि लोकांनी जिद्दीने ऑर्डरी दिल्या, पण अर्ज एप्रिलचा, त्यामुळे त्यातलं एकही पार्सल मोजायचं नाही. अमेरिकन आणि चेक बिअरवाल्यांच्या बड नावाच्या भांडणात वरच्या कोर्टाने २०११ मध्येच हे सांगून ठेवलंय, अर्जाच्या आधीचा वापर हवा, आणि तोही नावाला दोन बाटल्या विकून नाही, खरा धंदा म्हणून, त्या देशाच्या बऱ्याच भागात.

मी मध्ये एकदा चिडून विचारलं होतं की हे लोक चोर आहेत असंच का नाही म्हणायचं सरळ. तर बदनीयत हा मुद्दा हरकतीच्या वेळी चालत नाही, एकदा रजिस्टर झालं की मग रद्द करा म्हणून अर्ज करताना चालतो. त्यावर त्यांनी नेमारची गोष्ट सांगितली. पोर्तुगालमधल्या एकाने २०१२ च्या डिसेंबरमध्ये कपड्यांसाठी नेमार हे नाव टाकलं, नंतर म्हणाला मला तो फुटबॉलपटू युरोपात एवढा माहितीतला आहे हे ठाऊकच नव्हतं, शब्द कानाला बरा वाटला म्हणून घेतला. आणि त्याच दिवशी या गृहस्थाने इकेर कासियास या दुसऱ्या फुटबॉलपटूचं नाव पण टाकलेलं! २०१९ मध्ये कोर्टाने त्याचं काही ऐकलं नाही. माझ्या समोरच्यांनी दुसरं असं काही नाव टाकलेलं नव्हतं, मी सगळं शोधलं होतं, रात्री दोन वाजेपर्यंत.

मुदत संपायच्या चार दिवस आधी हरकत दाखल केली. ऑफिसची फी ३२० युरो. वकिलाची फी वेगळी, ती लिहीत नाही, नवरा हे वाचतो. दाखल झाल्यावर लगेच लढाई नसते, आधी दोन महिन्यांचा कूलिंग ऑफ, म्हणजे आपसात मिटवायला दिलेला वेळ, आणि दोघांनी मिळून मागितला तर तो एकूण २४ महिन्यांपर्यंत लांबवता येतो. या काळात पुरावे द्यायची सक्ती नसते, पण आमच्या बाईंचं म्हणणं की फाइल तयार ठेवून मगच बोलायला बसायचं. त्यांनी समोरच्या वकिलाला नकाशा पाठवला, टिंबांसकट, खाली बिलांची यादी आणि कोबीवाल्या आजोबांचं पान.

पहिलं उत्तर कडक आलं. निव्वळ स्थानिक, घरगुती, छंद म्हणून चालवलेला उद्योग. छंद! माझ्या मनगटाचं दुखणं त्यांना दाखवायला हवं होतं. पण बाईंनी त्यातलं खरं ते सांगितलंच, की टिंबं पसरलेली असली तरी संख्या कमी आहे, २०२२ च्या आधीच्या बिलांवर नाव नाही, अलिकांतेचा माणूस कसा बघेल सांगता येत नाही, अर्धं-अर्धं समजा. मग त्यांनी समोरच्यांना लिहिलं की अलिकांतेला आम्ही हरलो तरी कपाएवढा भाग आमचाच राहील, म्हणजे श्टुटगार्टमध्ये तुम्हाला या नावाने माल ठेवता येणार नाही. (कप असं लिहिलं नाही अर्थात.) दक्षिण जर्मनीतल्या इंडियन दुकानांत माल घालायचा असेल तर मध्ये हे असं भोक ठेवून कोण धंदा करणार.

हिवाळाभर पत्रं चालली. मार्च २०२५ ला ठरलं. त्यांनी अर्जातून २९ आणि ३० क्लास काढून टाकले, ४३ ठेवला, म्हणजे रेस्टॉरंट काढायला ते मोकळे. जर्मनीत पाकिटबंद मसाले-फराळ ते या नावाने विकणार नाहीत, मी हॉटेल काढणार नाही आणि हॉलंडमध्ये दुकानांतून विकणार नाही. हॉटेल मी तसंही काढणार नव्हते. आम्ही हरकत मागे घेतली, आणि हे सगळं कूलिंग ऑफमध्येच मिटल्यामुळे ऑफिसने ३२० युरो परत दिले.

त्यानंतर आठवड्याभरात म्युनिकच्या जर्मन ट्रेडमार्क ऑफिसला माझा स्वतःचा अर्ज टाकला. ऑनलाइन, तीन क्लासपर्यंत २९० युरो. दोनशे नव्वद! हे २०१९ ला भरले असते तर... जाऊदे. लहान धंद्यांना युरोपियन ऑफिसच्या एका फंडातून फीचे ७५ टक्के परत मिळतात म्हणे, पण त्यासाठी आधी त्यांच्याकडे मागायचं असतं आणि मग फी भरायची, मी उलटं केलं.

गेल्या महिन्यात आइंडहोवनहून एका मैत्रिणीचा फोन आला, ती कुरडया-पापड्या करते, छान चाललंय तिचं, तिला कोणाकडून तरी माझी ही स्टोरी कळली होती. म्हणाली, "अगं माझंही नाव रजिस्टर नाहीये, चालतं का गं तसं?" मी तिला सांगितलं की हॉलंडमध्ये मालावरच्या नावाचं अवघड आहे, पण धंद्याच्या नावासाठी त्यांचा १९२१ चा जुना कायदा आहे, वापरलं की हक्क, तेवढा तरी आधार धर आणि मुकाट्याने रजिस्टर करून टाक. मग विचारलं, "बिलावर कुणाचं नाव टाकतेस?"

"नवऱ्याचं," ती म्हणाली.